फ्रेशर्सनंतरची फार्महाउस पार्टी: नेमकी काळजी काय घ्यायची?

खोली_२१४

पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज, हॉस्टेलची मुलं. कॉलेजची अधिकृत फ्रेशर्स पार्टी दुपारी हॉलमध्ये होते, रेक्टर आणि सर-मॅडम असतात, तिथे काही अडचण नाही. प्रश्न तिच्यानंतरच्या पार्टीचा आहे. सेकंड आणि थर्ड इयरची मुलं मुळशीच्या बाजूला फार्महाउस बुक करतात. यंदा साधारण ६० जण, रविवारची रात्र, डोक्यामागे १२०० रुपये काँट्री (वर्गणी), बहुतेक जण आपापल्या दुचाकीवर. फर्स्ट इयरची पोरं १८ वर्षांची. सोमवारी सकाळी नऊला प्रॅक्टिकल.

मी आयोजन समितीत आहे. 'पार्टीच करू नका' हे उत्तर घेऊन गेलो तर मला समितीतून काढतील आणि पार्टी होईलच. म्हणून नेमकं विचारतो:

१) किती प्यायल्यावर धोका सुरू होतो, आकड्यांत?
२) कुणी आउट झाला तर त्याचं काय करायचं आणि काय करायचं नाही?
३) कायद्यानं आयोजकावर काय येतं?
४) ज्याला प्यायची नाही त्या ज्युनिअरला कसं वाचवायचं?
५) अशा पार्ट्यांचा अभ्यासावर खरंच परिणाम होतो की घरचे उगाच म्हणतात?

---

डॉ_रात्रपाळी

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो. थोडं लांब होईल, पण समितीतल्या प्रत्येकानं वाचावं.

आधी मोजमाप. पार्टीत लोक 'ग्लास' मोजतात, दारू मोजत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. ३० मिलिचा पेग (व्हिस्की, रम, व्होडका, ४२.८ टक्के) म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हे एक माप धरा. क्वार्टर म्हणजे १८० मिलि, सहा मापं. खंबा ७५० मिलि, पंचवीस मापं. ६५० मिलिची माइल्ड बिअर (५ टक्के) अडीच मापं. तीच बाटली स्ट्राँग असेल (८ टक्के) तर चार मापं. 'मी फक्त दोन बिअर घेतल्या' म्हणणाऱ्यानं दोन स्ट्राँग घेतल्या असतील तर ते आठ पेग झाले, क्वार्टरपेक्षाही जास्त. बिअर हलकी असते हा समज फर्स्ट इयरच्या मुलांना सगळ्यांत जास्त नडतो. प्लास्टिकच्या ग्लासात डोळ्यांच्या अंदाजानं ओतलेला 'एक पेग' सहज ६० मिलिचा होतो, म्हणजे दोन मापं. ३०-६० चं स्टीलचं माप शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. ते आणा आणि ओतायचं काम न पिणाऱ्या एकाच माणसाकडे द्या.

आता शरीराचं गणित. ६० किलोच्या मुलानं दोन स्ट्राँग बिअर रिकाम्या पोटी घेतल्या तर रक्तातलं प्रमाण १०० मिलिला सुमारे २०० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. यकृत ते तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, यातल्या कशानंही हा वेग वाढत नाही. रात्री दहाला सुरुवात केली तर प्रमाण ३० च्या खाली यायला सकाळचे सव्वानऊ-साडेनऊ होतात. तुमचं प्रॅक्टिकल नऊला आहे. मुलगा झोपून उठलेला असतो, बोलताना सरळ वाटतो, पण त्याच्या रक्तात दारू असते आणि हातात वर्कशॉपमधलं मशीन किंवा दुचाकीचं हँडल असतं. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तेवढ्याच वजनाला तेवढीच दारू जास्त चढते. तिथे बरोबरीचा हट्ट धरू नये.

पहिल्यांदा पिणाऱ्याला हे आकडेही लागू करू नका. सवयीच्या माणसाला १५० वर जीभ जड होते, नवख्याला तेवढ्यात उलट्या आणि गुंगी येते. पैज लावून गटागट पिणं, म्हणजे बॉटम्स-अप, सर्वांत घातक, कारण पोटात गेलेली दारू रक्तात चढायला अर्धा ते दीड तास लागतो. मुलगा शेवटचा ग्लास संपवून कॉटवर पडतो त्यानंतरही प्रमाण वाढतच असतं. 'झोपलाय, झोपू दे' म्हणून दार ओढून घेतात ती हीच वेळ.

आउट झालेल्याला असं तपासा. नावानं मोठ्यांदा हाक मारा, खांदा हलवा, कानाची पाळी जोरात चिमटा. डोळे उघडून काहीबाही का होईना बोलला तर लक्ष ठेवण्याच्या गटात. काहीच प्रतिसाद नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठी फट, ओठ-नखं निळसर, अंग गार आणि चिकट, झटका, शुद्ध नसताना उलटी, डोक्याला मार लागलेला. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ लावा, दुसऱ्या लक्षणाची वाट बघू नका. मुळशीच्या आतल्या रस्त्यावरून रुग्णवाहिका यायला वेळ लागतो. म्हणून फार्महाउसचं गुगल लोकेशन, जवळचं ओळखीचं ठिकाण आणि जवळचं २४ तास चालू रुग्णालय संध्याकाळीच कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. मोबाइलला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते तेही आधी बघून ठेवा.

मदत येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवायचं, आणि ते असं: तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसा. त्याचा उजवा हात काटकोनात बाहेर काढा. डावा हात छातीवरून आणून त्या हाताची मागची बाजू उजव्या गालाला टेकवा. डावा गुडघा उभा दुमडा आणि तो धरून त्याला आपल्याकडे वळवा. हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे कललेलं, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडते, श्वासनलिकेत जात नाही. उताणं झोपवलेला माणूस स्वतःच्याच उलटीनं गुदमरतो. पाठीमागे भरलेली सॅक लावली की तो परत उताणा होत नाही. एक माणूस सतत शेजारी पाहिजे. दर पंधरा मिनिटांनी डोकावणं पुरत नाही.

काय करायचं नाही: घशात बोटं घालून उलटी काढू नका. मिठाचं पाणी तर अजिबात पाजू नका, त्यानं रक्तातलं सोडियम वाढून जीव जाऊ शकतो. शॉवरखाली उभं करू नका, तो पडतो किंवा गारठतो. डोकं दुखतंय म्हणून रात्रीच पॅरासिटामॉल देऊ नका. झोपेची गोळी किंवा खोकल्याचं गुंगीचं औषध दारूवर दिलं तर श्वास मंदावतो. इन्सुलिन घेणारा मित्र असेल तर त्याची शुगर रिकाम्या पोटी दारूनं धोकादायक खाली जाते आणि लक्षणं हुबेहूब 'चढल्या'सारखी दिसतात. तो कोण आहे हे समितीला आधी माहीत असावं.

आणखी एक. स्वस्तात मिळते म्हणून सील नसलेली, हातभट्टीची दारू कुणी आणली तर ती ओतून द्या. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. मिथेनॉलचा त्रास लगेच दिसत नाही. बारा-चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धूसर, पांढरं दिसायला लागतं, पोट दुखतं, धाप लागते. असं कुणीही म्हणालं की थेट मोठं रुग्णालय.

---

पंगत_व्यवस्था

डॉक्टरांनी सांगितलं त्यातलं निम्मं जेवणाच्या वेळेवर सुटतं. अशा पार्ट्यांत चुकतं ते इथेच: आधी 'बसतात', चकणा म्हणून खारे शेंगदाणे, शेव, चकली, आणि जेवण रात्री साडेबाराला. तोपर्यंत निम्मी मंडळी जेवायच्या अवस्थेत नसतात, भात वाया जातो आणि दारू रिकाम्या पोटी गेलेली असते. खारट चकण्यानं तहान लागते आणि ती तहान बिअरवर भागते.

जेवण साडेआठला वाढा, बाटल्या त्याआधी उघडायच्याच नाहीत. ६० जणांना तांदूळ ६ किलो, डाळ अडीच किलो, चिकन १२ किलो किंवा पनीर ५ किलो, पोळ्या २०० ते २२०, अंडी ९०. साडेअकराला पुन्हा एकदा गरम खिचडी किंवा मॅगी ठेवा, त्या वेळी पिण्याचा वेग आपोआप कमी होतो. पिण्याचं पाणी २० लिटरचे सहा जार, माणशी दोन लिटर. ते बाटल्यांच्या टेबलावरच ठेवा, स्वयंपाकघरात ठेवलेलं पाणी कुणी उठून आणत नाही. ओआरएसची २० पाकिटं घ्या, एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट निम्म्या पाण्यात कालवू नये.

एनर्जी ड्रिंक यादीतून काढा. त्यानं झोप उडते, नशा तेवढीच राहते, माणसाला वाटतं आपण ठीक आहोत आणि तो आणखी घेतो.

दुचाक्या बंद. ५० सीटची एक बस आणि एक १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर चालकासह ठरवा, जाऊन-येऊन. १२०० च्या काँट्रीत दारूचा भाग कमी केला की हे बसतं. पौड रोडवरून रात्री दोनला ट्रिपल सीट येणाऱ्या पोरांची बातमी दरवर्षी वाचावी लागते.

पोहण्याच्या तलावाला अंधार पडताच कुलूप लावायला सांगा, किल्ली फार्महाउसच्या माणसाकडे. बॅकवॉटरला कुणीही उतरायचं नाही. धरणाचा काठ गाळाचा असतो, दोन पावलांत गुडघाभर पाण्याचं पुरुषभर होतं, पोहता येणाराही तिथे अडकतो.

स्पीकर दहाला बंद. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, आणि गावातून तक्रार गेली की पोलिस येतात ते फक्त आवाज कमी करून जात नाहीत.

---

शिवाजीनगर_वकील

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. इथे तुमचा पायाच कच्चा आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकीच्या दारूसाठी २५, आणि त्यावर परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. म्हणजे फर्स्ट इयरच्या एकाही मुलाला तुम्ही कायदेशीरपणे काहीही देऊ शकत नाही. वाइन शॉपमधून मिळालेला एक दिवसाचा परवाना वय बदलत नाही. फार्महाउस मालकाकडे परवाना नसेल आणि तिथे दारू दिली जात असेल तर तोही अडकतो. हे वाचून ज्युनिअरच्या हातात ग्लास द्यायचा की नाही, हे समितीनं स्वतः ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे: द्यायचा नाही.

गाडी. मोटार वाहन कायदा कलम १८५, मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा १५,००० आणि दोन वर्षांपर्यंत. दुचाकीलाही तोच नियम. बहुतेकांना ठाऊक नसलेलं कलम म्हणजे १८८: दारू प्यायलेल्याला चालवायला प्रोत्साहन देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. 'घे माझी ॲक्टिव्हा, जा सोडून ये तिला' म्हणत किल्ली देणारा मित्र त्यात येतो. अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा विमा दावाही नाकारला जातो.

काँट्री. जी मुलं पीत नाहीत किंवा ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून सक्तीनं १२०० घेणं हे रॅगिंग आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांत नवीन विद्यार्थ्यावर जबरदस्तीनं खर्च लादणं रॅगिंगच्या व्याख्येतच आहे, आणि आग्रहानं पाजणं त्याहून गंभीर. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा लागला तर दोन वर्षांपर्यंत कैद, १०,००० पर्यंत दंड, कॉलेजमधून काढणं आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. सीनिअरचं 'अरे एकच घे' इथपर्यंत पोचू शकतं. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२, चोवीस तास. हा नंबर ग्रुपवर पिन करून ठेवा, समितीनं स्वतःच.

गांजा किंवा एमडी (मेफेड्रोन) कुणी आणली तर दारूचे नियम विसरा, तिथे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा लागतो. नुसतं सेवन केल्याबद्दलही गांजाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यसन लागलेला मुलगा स्वतःहून उपचाराला गेला तर कलम ६४ए खाली त्याला संरक्षण मिळू शकतं, हे त्याच्या मित्रांना माहीत असू द्या.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल एकच वाक्य, पण ते प्रत्येक मुलाला आधी ऐकवा: नशेत असलेल्या व्यक्तीनं दिलेला होकार कायद्यानं होकार नसतो. आणि नशेतल्या कुणाचाही व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही.

रुग्णालयाची भीती काढून टाका. पोलिस केस होईल म्हणून मुलं दोन-दोन तास वाट बघतात. आपत्कालीन उपचार आधी, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलेलं आहे.

---

तळमजला

स्पष्ट बोलतो. स्टीलचं माप, खिचडी, बस… हे सगळं म्हणजे पिण्याला व्यवस्थापन देणं आहे. १८ वर्षांच्या मुलांची पहिली पार्टी अशी नीट आखून दिली की त्यांना वाटणार, कॉलेज म्हणजे हेच. समितीनं दारूच ठेवू नये. डीजे, जेवण, शेकोटी, अंताक्षरी, क्रिकेट याला कोण नाही म्हणतं?

---

समुपदेशन_कक्ष

तळमजला, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि ज्युनिअरसाठी पार्टी कोरडीच हवी. तरीही वरची माहिती हवीच. बंदी घातलेल्या पार्टीतही बाटल्या सॅकमधून येतात. फरक एवढाच पडतो की कुणी बेशुद्ध पडला तर रेक्टरना कळेल या भीतीनं त्याला खोलीत कोंडतात. रेक्टरांशी आधी बोलून एवढं ठरवून घ्या: ज्यानं मदतीसाठी फोन केला त्याच्यावर त्या फोनबद्दल कारवाई होणार नाही. हे लेखी मिळालं तर फार मोठं काम झालं.

चौथा प्रश्न. नाही म्हणणाऱ्याला कारण द्यायला शिकवू नका. 'गोळ्या चालू आहेत' म्हटलं की 'कुठल्या गोळ्या?' येतं, 'उद्या लवकर उठायचंय' म्हटलं की 'आम्हालाही' येतं. प्रत्येक कारण हा वादाला दिलेला पाट असतो. 'नाही, मी घेत नाही' एवढंच, आणि दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच शब्द, त्याच आवाजात. हातात सोडा किंवा कोकमाचा भरलेला ग्लास असला की निम्मे विचारणारे येतच नाहीत. पण खरी जबाबदारी सीनिअरची आहे. थर्ड इयरच्या दोन-तीन मानाच्या मुलांनी सगळ्यांसमोर कोकम घेतलं तर ज्युनिअरला वाक्य पाठ करावं लागत नाही. अशी मुलं शोधा, त्यांना आधी विचारा.

पाचवा. एका पार्टीनं कुणाची केटी लागत नाही, म्हणजे विषय राहत नाही. लागते ती ठरलेल्या वारानं. रात्री प्यायलेल्या माणसाला झोप लवकर लागते, पण स्वप्नांची झोप दबते, पहाटे जाग येत राहते, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं व्हायचं काम त्याच झोपेत होत असतं. शनिवारी प्यायला तर रविवार गेला, सोमवार अर्धा गेला. आता हजेरीचं गणित करा: सत्रात ९० दिवस, ७५ टक्के सक्ती, म्हणजे २२ दिवसांची मुभा. १६ आठवडे प्रत्येक सोमवार बुडाला तर १६ दिवस तिथेच संपले. आजारपण, दिवाळीला गावी चार दिवस जास्त राहणं, बहिणीचं लग्न यांना सहा दिवस उरतात. तेही संपले की डिटेन्शनच्या, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत नाव, सबमिशनला सह्या नाहीत, टर्म ग्रँट (परीक्षेला बसायची परवानगी) अडकते आणि वायडी, म्हणजे वर्ष वाया. मुलगा सांगतो की पेपर अवघड होता.

पैशांचंही तसंच. महिन्याला दोन काँट्री म्हणजे दोन-अडीच हजार, मेसच्या बिलाच्या जवळपास. ते घरून मागता येत नाहीत, म्हणून आधी मेस बंद करून वडापाववर राहणं, मग रूममेटची उधारी, मग मोबाइलवरचं कर्जाचं ॲप. ॲपपर्यंत गोष्ट गेली की मुलगा फोन उचलेनासा होतो. रूममेटला हे घरच्यांच्या आधी दिसतं.

नेहमी पिणाऱ्या मित्राबद्दल शंका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. आठ किंवा जास्त गुण आले तर बोलायची वेळ झाली. सकाळी हात थरथरत असतील आणि घेतल्यावर थांबत असतील तर त्याला 'आजपासून सोड' असं सांगू नका. अचानक सोडल्यानं झटके येऊ शकतात, आधी डॉक्टर. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं, आणि तिथे फक्त रुग्णानंच नाही, मित्रांनी किंवा घरच्यांनीही जाऊन विचारलं तरी चालतं.

---

खोली_२१४

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीत मांडलं. ठरलं ते असं: पार्टी शनिवारी, रविवार मोकळा. बस आणि ट्रॅव्हलर. जेवण साडेआठला. फर्स्ट इयरसाठी दारू नाही आणि त्यांची काँट्री ५००, ज्याला जमत नाही त्याची शून्य. तलावाला कुलूप. न पिणारे सहा जण रात्रभर जागे, दोन-दोनच्या पाळीनं. थर्ड इयरच्या चौघांनी कोकमला होकार दिलाय.

एक राहिलं. या सहा जणांनी नेमकं काय-काय जवळ ठेवावं, आणि पहाटे सगळे झोपल्यावर त्यांनी काय बघायचं?

---

डॉ_रात्रपाळी

निर्णय चांगला घेतलात. जवळ ठेवा: दोन चार्ज केलेले फोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे, टॉर्च, हातमोजे, जाड चादरी चार, बादल्या तीन, ओआरएस, साखर, आणि साठही जणांची यादी: नाव, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, घरच्या एका माणसाचा नंबर. बसचालकाचा नंबर त्याच कागदावर.

झोपायची व्यवस्था एका मोठ्या हॉलमध्ये करा, मुलींची स्वतंत्र, दोन्हीकडे जागणारा माणूस. कुणीही आतून कडी लावायची नाही. साडेबाराला, दीडला आणि तीनला डोकी मोजा, साठ भरली पाहिजेत. एक कमी असेल तर आधी तलाव, मग संडास, मग गच्ची, मग फाटकाबाहेरचा रस्ता, या क्रमानं. ज्यानं जास्त घेतलीय असं वाटतं त्याला दारापाशी, उजेडात, कुशीवर झोपवा आणि त्याच्याजवळच बसा. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, दर दहा मिनिटांनी हाक मारून उठवा, आणि शेवटच्या ग्लासानंतर निदान दोन तास हे चालू ठेवा. हाकेला उत्तर आलं नाही की १०८.